"ताप गेला ना, मग झालं" असं म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वेळ मिळेल तसं वाचा. आणि तालुक्यातले जे डॉक्टर मित्र माझ्या यादीत आहेत, त्यांनी वाचून रागवा, पण वाचा.

माझी भाची. वय तेव्हा पावणेतीन. घरात तिला चिमणी म्हणतो, इथेही तेवढंच नाव पुरे. गेल्या श्रावणात तिला ताप आला. चौथ्या दिवशी उलट्या, आणि त्या रात्री उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू उडायला लागली. ताईचा फोन आला, "दादा, हिचं तोंड वाकडं होतंय रे." मी पोचेपर्यंत शेजारच्या आजींनी कांदा फोडून नाकाला लावला होता आणि कुणीतरी चप्पल आणायला पळालं होतं. दाजी दातखीळ सोडवायला चमचा घेऊन उभे. म्हणजे जे जे करू नये ते सगळं आम्ही अर्ध्या तासात करून मोकळे. मी शिक्षक आहे, शाळेत फलकावर प्रथमोपचाराचा तक्ता स्वतः चिकटवलाय, आणि त्या क्षणी मलाही काही सुचलं नाही. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे मी ज्यांना बोलणार आहे त्यांना वाटायला नको की हा स्वतःला शहाणा समजतो.

जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे पहिल्या फेरीत काम चांगलं झालं, हे सांगितलंच पाहिजे. मणक्यातलं पाणी काढलं, एमआरआय केला, हर्पीस विषाणूचा मेंदूज्वर निघाला. एसायक्लोव्हिर शिरेतून एकवीस दिवस. ताप उतरला, फिट थांबल्या, पोरगी "मामा, बिस्कीट" म्हणायला लागली. पेढे वाटले आम्ही वॉर्डात. डिस्चार्ज कार्डावर फिटचं औषध सकाळ-संध्याकाळ, आणि खाली "पंधरा दिवसांनी दाखवणे". बस.

घरी येऊन आठवडा पुरा झाला नव्हता, तेव्हा सुरू झालं. आधी झोप गेली. रात्र रात्र किंचाळायची, कडेवर घेतलं तरी नको, खाली ठेवलं तरी नको. मग बोलणं आटलं. दहा शब्दांवरून दोनावर, दोनावरून काहीच नाही. जीभ सारखी आत-बाहेर, ओठ चावल्यासारखे, हात-पाय असे वळवळायचे की जणू कुणी दोऱ्यांनी ओढतंय. आणि मग फिट परत. दिवसाला चार, पाच, एकदा तर आम्ही मोजायचं सोडून दिलं.

त्याच दवाखान्यात परत गेलो. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस ॲडमिट होती, लाडावलीय. आजारानंतर चिडचिड होतेच. ताप आहे का? नाही ना, मग झालं." फिटच्या औषधाचा डोस वाढवला आणि घरी पाठवलं. चार दिवसांनी परत गेलो, दुसरं औषध जोडलं. ताईला सांगितलं, "आई, तुम्ही घाबरताय म्हणून ती घाबरते." गावात तोवर निदान पक्कं झालं होतं: बाहेरचं काहीतरी. अमावास्येला देवरुषी, उतारा, अंगारा. मी भांडलो, पण डॉक्टरच म्हणतायत काही नाही, तर घरचे दुसरीकडे बघणारच ना? दवाखान्यानं सोडलेली जागा देवरुषी भरून काढतो. जादूटोणाविरोधी कायदा आपण २०१३ साली केला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला, पण "पोरीला काहीही झालेलं नाही" असं सांगून आईबापांना रस्त्यावर सोडणाऱ्या शिकलेल्या माणसाला कुठलं कलम लावायचं?

या सगळ्यात एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी पुण्याला नेलं. तिथल्या लहान मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञ बाईंनी चिमणीची जीभ आणि हात पाहिले, आम्हाला फक्त एक प्रश्न विचारला, "मेंदूज्वर होऊन किती दिवस झाले?" मी म्हणलं, दीड-पावणेदोन महिने. त्या म्हणाल्या, "विषाणू परत आलाय का ते आधी बघू. पण मला वाटतं हा विषाणू नाही, हे तिचंच शरीर आहे."

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं भांडण यावर उभं आहे.

विषाणू मेंदूतल्या पेशी फोडतो. फुटलेल्या पेशींमधले तुकडे बाहेर पडतात. आपली प्रतिकारशक्ती त्यांना बाहेरचा माल समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. मग ती प्रतिपिंडं मेंदूच्या चांगल्या पेशींवरही जाऊन बसतात. एनएमडीए रिसेप्टर नावाची जी कुलपं पेशींवर असतात, ती ओढून आत घेतली जातात आणि पेशींचं आपसातलं बोलणं बिघडतं. म्हणून झोप जाते, बोलणं जातं, हातपाय वळवळतात, फिट येतात. विषाणू तोवर मेलेला असतो. ताप नसतोच. म्हणजे "ताप आहे का" हा प्रश्नच इथे चुकीचा आहे.

हे काही काल कुणाला स्वप्नात दिसलेलं नाही. एनएमडीए रिसेप्टरच्या या आजाराचं कोडं डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली सोडवलं. हर्पीस मेंदूज्वरानंतर असं होतं हेही दहा वर्षांहून जास्त काळ छापून येतंय. स्पेनमध्ये ५१ हर्पीस मेंदूज्वराच्या रुग्णांवर सलग लक्ष ठेवलं, त्यातल्या १४ जणांना नंतर हा दुसरा, स्वतःच्याच शरीराचा मेंदूज्वर झाला. लॅन्सेट न्यूरॉलॉजीत २०१८ साली आलंय ते. चौदा! म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. आणि त्यात चार वर्षांखालच्या पोरांमध्ये लक्षणं कोणती, तर हीच: वळवळ, फिट, शुद्ध हरपणं. मोठी माणसं भ्रमिष्टासारखी बोलतात, संशय घेतात. पावणेतीन वर्षांचं पोर काय बोलणार? ते फक्त रडतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

हर्पीसच कशाला, आपल्याकडच्या जपानी मेंदूज्वरानंतरही पोरांमध्ये हेच घडल्याची नोंद आहे. आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं हा ज्वर नवीन नाही. धानाची शेती, डास, डुकरं, सगळं तिथं आहे. तिथून घरी गेलेली किती लेकरं महिन्याभरानं "वेडी" झाली म्हणून कोपऱ्यात बसवली असतील, याचा हिशेब ठेवला जातो का हे मला आरोग्य खात्याच्या कुणीतरी सांगावं.

आता मुद्द्याचं. माझी पहिली तक्रार त्या तरुण डॉक्टरांवर नाहीच. त्यांनी चौदा तास ड्युटी केली असेल, त्यांच्यावर चाळीस पेशंट असतील. माझी तक्रार त्या डिस्चार्ज कार्डावर आहे. हर्पीस मेंदूज्वराचं कार्ड छापताना खाली एक ओळ टाकायला काय खर्च येतो? "पुढील तीन महिन्यांत झोप उडणे, बोलणे कमी होणे, हातापायांच्या किंवा जिभेच्या विचित्र हालचाली, पुन्हा फिट, यातील काहीही दिसल्यास ताप नसला तरी त्याच दिवशी दाखवा, हा दुसरा आजार असू शकतो." एवढंच. मराठीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आपल्याला डोळ्याला पाणी लावू नका, वाकू नका, अशी छापील यादी देतात. दातात सिमेंट भरलं तरी कागद देतात. मेंदूज्वरातून उठलेल्या पोराला फक्त "पंधरा दिवसांनी दाखवणे"?

ती ओळ असती तर ताईनं दुसऱ्या रात्रीच मला उठवलं असतं. ती ओळ असती तर त्या ड्युटीवरच्या पोरालाही कार्ड बघून आठवलं असतं. एकोणीस दिवस एका ओळीसाठी गेले.

"एवढा दुर्मिळ आजार, त्यासाठी कशाला सगळ्यांना घाबरवायचं?" असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला तोंडावर विचारलं. दुर्मिळ कशावरून? जो शोधलाच जात नाही तो दुर्मिळच वाटणार. कॅलिफोर्नियात मेंदूज्वराच्या रुग्णांची तपासणी करणारा एक सरकारी प्रकल्प होता. त्यांनी तिशीच्या आतले रुग्ण तपासले, तर हा एनएमडीएचा आजार हर्पीसपेक्षा चौपटीहून जास्त वेळा सापडला. २०१२ साली छापून आलंय. त्यांनी शोधला म्हणून त्यांना सापडला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मी मान्य करतो. या आजारावर पहिला इलाज म्हणजे स्टिरॉईडचे मोठे डोस आणि आयव्हीआयजी. आता समजा विषाणूच परत आला असेल आणि तुम्ही स्टिरॉईड दिलं, तर? डॉक्टर घाबरतात ते उगाच नाही. पण त्याला उत्तर "काहीच करू नका" हे नाही. उत्तर आहे मणक्यातलं पाणी पुन्हा काढा, त्यात विषाणू आहे का बघा, त्याच पाण्यातून प्रतिपिंडांची तपासणी पाठवा. नुसत्या रक्तात ती कधी कधी सापडत नाहीत, म्हणून पाणी महत्त्वाचं. पुण्याच्या बाईंनी तेच केलं. विषाणू नाही असं कळल्यावर प्रतिपिंडांच्या रिपोर्टची वाट न बघता इलाज सुरू केला. रिपोर्ट नंतर आला, पॉझिटिव्ह.

(आणि हो, हे वाचून कुणी गावातल्या बोगस डॉक्टरकडं जाऊन पोराला स्टिरॉईड टोचा म्हणू नका. त्यानं जीव जाईल. हे काम तज्ज्ञाचंच.)

आता पैशाचं. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं. किलोला दोन ग्रॅम हा हिशेब. चिमणी बारा किलोची, म्हणजे चोवीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या. आम्हाला ते सत्तर हजारांच्या घरात पडलं. तेही पोर लहान म्हणून. चाळीस किलोचा सातवी-आठवीतला मुलगा असता तर हिशेब करा. सरकारी योजनेच्या टेबलावर गेलो तर "आजाराचा पक्का रिपोर्ट आणा, मग मंजुरीला टाकतो." म्हणलं, रिपोर्ट बाहेरच्या राज्यातून यायचाय, आठ-दहा दिवस लागतील, डॉक्टर म्हणतात आज सुरू करायचंय. "मग आज पैसे भरा, नंतर बघू." नंतर कुणी काही बघितलं नाही, कारण पैसे एकदा भरले की केस 'कॅश'ची होते म्हणे. ताईच्या पाटल्या गहाण आहेत अजून.

आणि इथे मला पुण्याची आठवण काढायचीच आहे. जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव. जीबीएस. पेपरात रोज आकडा. तोही असाच आजार: आधी पोटाचा संसर्ग, कँपिलोबॅक्टर नावाचा जंतू, मग शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं आणि हातपाय लुळे पडतात. जीबीएसमध्ये फिट येत नाहीत, तो नसांचा आजार, आमचा मेंदूचा. पण मूळ गोष्ट एकच, जंतू येऊन जातो आणि भांडण घरात लावून जातो. इलाजही तोच, आयव्हीआयजी. तेव्हा काय झालं? केंद्राचं पथक आलं, एनआयव्हीनं नमुने तपासले, विहिरींचं पाणी तपासलं, सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत मोफत इलाजाची घोषणा झाली. चांगलंच झालं, व्हायलाच पाहिजे होतं. म्हणजे सरकारला हे जमतं! दोनशेहून जास्त रुग्ण, एकाच शहरात, एकाच महिन्यात आणि टीव्हीसमोर आजारी पडले की जमतं. आमची चिमणी एकटी पडली, तेही तालुक्याच्या गावात. तिच्यासाठी कुठलं पथक येणार?

मी साथीच्या रुग्णांचा हेवा करत नाही. मी एवढंच विचारतोय की तीच बाटली, त्याच कंपनीची, शरीराच्या त्याच भांडणासाठी, एकाला त्या दिवशी मोफत मिळते आणि दुसऱ्याला पाटल्या मोडून, हे कसलं गणित आहे? तज्ज्ञानं लेखी दिलं तर पहिला डोस रिपोर्टच्या आधी मंजूर करा. नंतर रिपोर्ट निगेटिव्ह आला तर चौकशी करा, खुशाल करा. जगभरात ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१३ साली आला, त्यात दोन वर्षांनी दहातले आठ जण चांगले झाले होते, आणि लवकर इलाज मिळालेल्यांचं जास्त चांगलं झालं होतं. लवकर हा शब्द मंजुरीच्या टेबलावर कुणी वाचत नाही.

नात्यातल्या काहींनी आणखी एक शोध लावला, "लस दिली होती ना, त्यानंच झालं." व्हॉट्सॲपवर कुठूनतरी आलेलं. तिला शेवटची लस मिळून वर्ष झालं होतं. उलट गोवर झाला तर साधारण हजारात एका पोराला त्यानंतर मेंदूवर असाच उलटा हल्ला होतो, फिट येतात, आणि गोवराची लस तेवढ्यासाठीही हवी. हर्पीसला लस नाही, असती तर पहिली मी टोचून घेतली असती. ज्यांनी हा मेसेज फॉरवर्ड केला ते यादीत आहेत, नाव घेत नाही, पण डिलीट करा.

सगळ्या आयांना घाबरवायचं नाही म्हणून हेही लिहितो. तापात फिट येणं खूप पोरांना होतं, सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरात दोन ते पाच पोरांना. बहुतेकांची फिट दोन-चार मिनिटांत थांबते, पोर थोडं झोपतं आणि उठून पुन्हा खेळायला लागतं. तो हा आजार नव्हे. घाबरायचं कधी? फिट थांबल्यावरही पोर आपलं पोर वाटत नसेल तर. एकाच बाजूला फिट येत असेल, बोलणं-चालणं मागं जात असेल, दिवसरात्र झोप नसेल, तोंडाच्या-हाताच्या हालचाली थांबत नसतील तर. आईला कळतं. ताईला पहिल्या दिवशी कळलं होतं. तिनं तीनदा सांगितलं, "ही माझी पोरगी नाही." ते वाक्य केसपेपरवर कुणी लिहिलं नाही. "मदर ॲन्क्शस" असं मात्र लिहिलंय, मी पाहिलंय.

आणि फिट आली की: कुशीवर वळवा, आजूबाजूचं काढा, तोंडात बोट, चमचा, पाणी, काही नाही. कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. पुण्याच्या बाईंनी आमच्या व्हिडिओवरूनच अर्धं ओळखलं. पाच मिनिटांच्या पुढं गेली तर १०८ ला फोन. ज्यांच्या पोराला आधीच फिटचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांकडून नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा लिहून घ्या, वापरायला शिकून घ्या आणि एक अंगणवाडीत ठेवा. आमच्या अंगणवाडी ताई आधी घाबरल्या होत्या, आता त्याच बाकीच्या आयांना शिकवतात.

चिमणी आता कशी आहे असं बरेच जण विचारतात. वळवळ थांबली. झोपते. आयव्हीआयजीनंतर तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसली, ते दाजींनी बघितलं, मी नव्हतो. पुढं रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं झाली. फिटचं औषध चालू आहे, महिन्या-दीड महिन्यानं एखादी येते. शब्द परत येतायत, पण उजवा हात मागं आहे, आणि ती जिथं होती तिथं कधी पोचेल हे बाई सांगत नाहीत. एकोणीस दिवस आधी इलाज झाला असता तर पूर्ण बरी झाली असती का? ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही. पण हा प्रश्न ताई रोज रात्री स्वतःला विचारते, आणि चुकीचं माणूस स्वतःला दोष देतंय.

जिल्हा शल्यचिकित्सक आणि आमदार साहेबांना द्यायचं निवेदन तयार आहे. त्यात तीनच मागण्या आहेत. मेंदूज्वराच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ती ओळ. तज्ज्ञाच्या लेखी शिफारशीवर आयव्हीआयजीचा पहिला डोस रिपोर्टआधी. आणि जिल्हा रुग्णालयात पोरांच्या मेंदूच्या पट्टीचं, म्हणजे ईईजीचं मशीन आणि ते वाचणारा माणूस, आठवड्यातून एक दिवस का होईना. येत्या सोमवारी सकाळी अकराला पंचायत समितीच्या बाहेर मी कागद घेऊन उभा असेन. शाळेची रजा टाकली आहे. सही करायची असेल त्यांनी या. ज्यांच्या घरात असं लेकरू होऊन गेलंय किंवा आहे, त्यांनी जुनी कार्डं घेऊन या, झेरॉक्स मी काढून देतो.